पाणथरी

दर तीन आठवड्यांनी आम्ही केरीहून निघतो,
साखळीला बस बदलतो, पणजीला आणखी एकदा,
आणि बांबोळीचा चढ लागला की पूर्ती म्हणते, "पोचलो,"
मावशीच्या गावाला पोचल्यासारखं.

वॉर्डातली उत्तरं माझी.
जेवते का? जेवते. झोप? लागते.
ताप? सोमवारी रात्री, थोडा.
आठ वर्षं तिच्या पोटातलं मी बोलले,
गोळीनंतरची मळमळ, पिंढऱ्यांतली कळ,
न चुकता, तारीखवार,
आणि ती शेजारच्या स्टुलावर बसून
सुटलेलं रेक्झिन सोलायची.

त्या दिवशी डॉक्टर कुंकळ्येकरांनी खुर्ची फिरवली.
चाक किरकिरलं.
"आई, तुम्ही थांबा जरा. पूर्ती, तुला विचारतेय."

ही काय सांगणार?
तिनं आधी माझ्याकडे पाहिलं,
परीक्षेत शेजारणीच्या पेपरात बघावं तसं,
मग म्हणाली,
"सुई डाव्या हाताला नको."
का गं?
"चित्रं मी डाव्यानं काढते."

सिस्टर व्हितोरियाला मीच सांगून ठेवलेलं,
डावा घ्या, लिहायचा उजवा मोकळा राहू दे.
आणि तो उजवा तरी कुठे तिचा,
पाटीवर बोटं धरधरून मीच वळवलेला.
घरात मला कधी दिसली नाहीत चित्रं.
"आहेत. तांदळाच्या डब्यामागे."

मग केसपेपराच्या पाठीवर डॉक्टरांनी पोट काढलं,
बरगड्या, आणि डावीकडे एक पिशवी.
"ही पाणथरी. मुठीएवढी असायची,
तुझी नीरफणसाएवढी झालीय."
"काढली की रक्त कमी वेळा लागेल?"
"बहुतेक. खात्री नाही देत."
"आणि नाही काढली तर?"

टेबलाखाली मी तिचा गुडघा दाबला.
असलं काही मुलांसमोर बोलू नये.
पण विचारत होतं ते मूलच.
डॉक्टरांनी सांगितलं. सगळं.
आवाज बोबडा न करता.

सोमवारी दाखल व्हायचं ठरलेलं.
"बुधवारी चवथ," पूर्ती म्हणाली.
"माटोळीची कांगलं मामाबरोबर मी आणते.
झाड कुठे आहे ते आम्हां दोघांनाच ठाऊक."
"बरं. आणि मुळातच नको म्हणालीस,
तर मी पुन्हा समजावीन. परत एकदा समजावीन.
पण काढावी लागेल, पूर्ती. खोटं नाही सांगणार."
तिनं रेक्झिनचा तुकडा दोन बोटांत गुंडाळला,
उलगडला.
"मग गणपती पोचवल्यावर."
डॉक्टरांनी कॅलेंडरचं पान उलटलं.
मला कुणी काही विचारलं नाही.

कागदावर मी सही केली.
"माझी कुठे?"
छापलेल्या फॉर्मवर तिच्यासाठी जागा नव्हती.
डॉक्टरांनी माझ्या नावाखाली हातानंच रेघ मारली,
जराशी वाकडी.
तिनं पेन डाव्या हातात घेतलं.
माझ्या तोंडाशी शब्द आला, तो गिळला.
'पू'चा उकार रेघेखाली लोंबला,
'माजीक'चा 'क' समासाबाहेर गेला.

परतताना साखळीपर्यंत ती झोपली,
उजव्या हातावर पांढरी पट्टी,
डावा खिडकीच्या गजाला धरून.
माझ्यापाशी दिवसभराची उत्तरं तशीच उरलेली,
बाजारात न खपलेल्या भाजीसारखी.

रात्री तांदूळ काढताना डबा जरा सरकवला,
मागची कागदांची कड दिसली.
डबा परत होता तिथे ढकलला.

सकाळी विचारलं, "बघू?"
ती बराच वेळ चहात बिस्किट धरून बसली,
अर्धं बुडालं.
मग उठून एकच चित्र आणलं, निवडून.
बाटली, नळी, लाल थेंब,
स्टुलावर ती, काडीएवढी,
आणि मी. तोंड केवढं तरी मोठं,
पिवळ्या साडीत, चित्राची अर्धी जागा अडवून.

"कान काढायचे राहिले माझे," मी म्हटलं.
तिनं कागद वळवून स्वतःकडे घेतला, नीट पाहिला.
"काढीन," म्हणाली.
"चवथीनंतर."